डिव्हायडरवरचा झेंडू

खंडेनवमीच्या सकाळी हंबीरराव चौगुलेंना अंथरुणातून उठवेना. हा आळस नव्हता. आळस कशाशी खातात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. जन्मभर उद्यमनगरात फौंड्रीत साचे भरले, लाल लोखंड ओतलं, आणि घरी आल्यावर पुन्हा पेठेतल्या तालीम मंडळाच्या मंडपाचे खांब रोवायला गेले, असा हा माणूस. पण रिटायर झाल्यावर फुलझाडांनी त्यांना जेवढं दमवलं, तेवढं भट्टीनेही दमवलं नव्हतं. पाठ, खांदे, गुडघे सगळे एकदमच बोलत होते आणि डोक्यात एकच घोळत होतं, आता पुरे.

"उठा की," त्यांची बायको शालन स्वयंपाकघरातून म्हणाली. "आज तुमची ती बागवाली मॅडम येणार न्हवं? फुलं बघायला?"

"उठतोय."

"मघाधरनं उठतायसा. दोनदा च्या गरम केलो मी. आता तिसऱ्यांदा करणार न्हाई."

शालन तोंडाने फटकळ. नवरा रस्त्यावर फुलझाडं लावतो हे तिला कधी पटलं नव्हतं. "घरातली कुंडी सुकली तरी ह्यांस्नी दिसत न्हाई, आणि रस्त्याला गाडाभर पाणी," असं ती शेजारणींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची. डिव्हायडरकडे तिने कधी मान वळवून बघितलं नाही. मात्र हंबीरराव पाणी घालून परत आले की उंबऱ्याशी पाय धुवायला गरम पाणी ठेवलेलं असायचं. त्याबद्दल मात्र दोघांपैकी कुणी कधी अवाक्षर काढलं नाही.

हे सगळं सुरू झालं तीन वर्षांपूर्वी. पेठेतल्या रस्त्याच्या मधोमध डिव्हायडर झाला आणि त्यात दोन हात रुंदीची माती मोकळी सोडली. लोकांनी ती माती ताबडतोब वापरायला घेतली. चहाचे कप, गुटख्याच्या पुड्या, देवावरचं निर्माल्य, एकदा तर मोडकी खुर्ची. मग तालमीत बैठक झाली. अध्यक्ष विश्वजित, ज्याचं त्याच रस्त्यावर कापडाचं दुकान, तो म्हणाला, "फुलझाडं लावूया. रस्ता कसा फॉरेनसारखा दिसंल." सगळ्यांना पटलं. पुढचा प्रश्न आला, जबाबदारी कोण घेणार? त्यासरशी सगळ्यांना छताचा पंखा बघावासा वाटायला लागला. हंबीररावांना ती शांतता सोसवली नाही. "मी घेतो," ते म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांची सुटका झाली तेच जास्त जोरात टाळ्या वाजवत होते, हे त्यांच्या लक्षात यायला पुढे वर्ष गेलं.

पहिल्या वर्षी जास्वंद लावली. ती सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी गणपतीला वाहिली. पहाटे पिशवी घेऊन फिरायला निघालेला माणूस काही तब्येतीसाठी निघत नाही, हे हंबीररावांना तेव्हा कळलं. अडवलं तर उत्तर तयार, "काका, देवासाठी हाय." देवासाठी फूल खुडणं ही चोरी नव्हे, यावर अख्ख्या पेठेचं एकमत. आता देवाच्या विरुद्ध तक्रार करायची कुणाकडे? दुसऱ्या वर्षी गुलाब लावला. तो कॉलेजच्या पोरांनी वेगळ्या देवींना वाहिला. आणि उरलंसुरलं म्हशींनी संपवलं. संध्याकाळी गिऱ्हाइकांना समोर पिळून धारोष्ण दूध पाजायला गवळी म्हशी घेऊन दूधकट्ट्यावर जात ते याच रस्त्याने, आणि डिव्हायडरवरचा हिरवा पाला म्हशीच्या बरोब्बर तोंडाशी यायचा. गवळी लांबून "हॅक, हॅक" करायचा आणि म्हैस खायची. दोघंही आपापलं काम मन लावून करत.

म्हणून यंदा झेंडू. हंबीररावांनी फार विचार केला होता. झेंडूला वासामुळे म्हैस तोंड लावत नाही. आणि झेंडू चोरणार कोण? मंडईत ढिगाने पडलेला असतो. त्यांनी श्रावणात रोपं लावली, अशा बेताने की नवरात्रात बहर यावा. आणि बहर आला. अंबाबाईच्या दर्शनाला आलेली बाहेरगावची माणसं गाडी थांबवून फोटो काढत होती. आता ज्या माणसाने जन्मभर फौंड्रीत खंडेनवमीला साच्यांना आणि हातोड्यांना झेंडू वाहिला, त्याच्या डोक्यात हे यायला नको होतं, की नवमीला सगळ्या गावाला एकदमच हत्यारं पुजायची असतात आणि एकदमच झेंडू लागतो? यायला हवं होतं. नाही आलं. दमलेल्या माणसाला एका वेळी एकच संकट दिसतं, आणि हंबीररावांना फक्त म्हैस दिसत होती.

यंदा बहर येणं गरजेचंही होतं. रस्त्यावरच्या दुकानदारांनी महापालिकेकडे मागणी केली होती की मधली माती काढा, पेव्हर ब्लॉक घाला, म्हणजे गिऱ्हाइकांना दुचाकी लावायला जागा होईल. मागणी करण्यात विश्वजित पुढे होता. फॉरेनसारखा रस्ता बघून त्याचं मन एव्हाना भरलं होतं. मग बाग खात्यातून राजनंदिनी माने नावाच्या तरुण मॅडम येऊन गेल्या. त्यांनी हंबीररावांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "काका, मला दोनच गोष्टी बघायच्या आहेत. फुलं आहेत का, आणि पुढं सांभाळणारं कुणी आहे का. नवमीला येते. दोन्ही असलं तर या मातीला मी कुणाला हात लावू देत नाही."

पहिल्या गोष्टीची हंबीररावांना काळजी नव्हती. दुसरीने मात्र त्यांची झोप उडवली होती. सांभाळणारं म्हणजे तेच, आणि त्यांच्यात दम उरला नव्हता. फुलं राहावीत असं मनापासून वाटत होतं आणि पाण्याचा गाडा आपल्या हातून सुटावा असंही तेवढंच वाटत होतं. कुणीतरी एकदा म्हणावं, काका, आता बसा, मी बघतो. बस्स, एवढंच. ज्याने म्हटलं असतं त्याला त्यांनी दसरा झाल्यावर घरी बोलावून मटणाचं जेवण घातलं असतं.

चहा पिऊन ते बाहेर पडले. कोपऱ्यावर वळले आणि थांबले.

डिव्हायडर हिरवा होता. नुसता हिरवा. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फूल नव्हतं. झाडं मात्र जागच्या जागी उभी होती, एकही वाकलेलं नाही, एकही फांदी मोडलेली नाही. कुणीतरी फार जपून, फार मायेने सगळं खुडून नेलं होतं.

"काका! या, या!" रिक्षा स्टॉपवरून करीमने हाक मारली. करीमची रिक्षा धुऊन पुसून लख्ख उभी होती आणि तिच्या काचेवर, हँडलवर, मागच्या नंबरप्लेटवर झेंडूच्या माळा. "बघा कशी नटलीया."

"करीम," हंबीररावांनी माळांकडे बोट केलं. "ही फुलं?"

"तुमचीच की!" करीम कौतुकाने म्हणाला. "मंडईत आज फुलाचा भाव हात लावू देईना. मी म्हटलं, घरचा झेंडू असताना भाईर कशाला जायाचं? पण एक झाड मोडू दिलं न्हाई बघा. पोरास्नी दम दिला, म्हटलं देठापासनं खुडा, झाडाला धक्का लागला तर गाठ माझ्याशी. काकांनी रगत आटवलंय तिथं."

माणूस खोटं बोलत असता तर चार शिव्या देता आल्या असत्या. करीम खरं बोलत होता आणि वर हातावर पेढा ठेवत होता. हंबीररावांनी पेढा तोंडात टाकला आणि पुढे निघाले.

रस्ताभर तेच. पिठाच्या गिरणीच्या चाकाला झेंडू. इस्त्रीवाल्याच्या इस्त्रीला झेंडू. गॅरेजमधले पाने ओळीने मांडलेले, प्रत्येकावर हळदकुंकू आणि एकेक फूल. चपला शिवणाऱ्याच्या आरीला, भेळवाल्याच्या गाड्याला, दवाखान्यातल्या ब्लडप्रेशरच्या मशिनला, सगळीकडे तो पिवळा आणि केशरी रंग, जो काल संध्याकाळपर्यंत मधल्या मातीत होता. आणि प्रत्येक दारातून हाक, "काका, परसाद घ्या." कुणाच्या चेहऱ्यावर चोरी केल्याचा लवलेशही नाही. उलट सगळे असे खुश, की जणू आपणच काकांवर उपकार केले. हंबीररावांना राग यायला हवा होता. तो येत नव्हता, आणि त्यानेच ते जास्त दमत होते.

विश्वजितच्या दुकानात कापड मोजायच्या गजाला आणि कात्रीला हार होता. बिलाच्या कॉम्प्युटरला त्याहून मोठा.

"काका, यंदा पेठेची खंडेनवमी झाली ती निव्वळ तुमच्यामुळं!" विश्वजित गादीवरून उठून म्हणाला.

"आज मॅडम बघायला येणार हाईत, विश्वजित."

"काय बघायला?"

"फुलं हाईत का ते."

विश्वजितने दुकानाबाहेर हात केला. "हाईत की! सगळ्या रस्त्यावर हाईत. दाखवू की मॅडमना. चला तालमीकडं, तुमास्नी एक दाखवायचं हाय."

तालमीच्या शेडमध्ये हंबीररावांचा गाडा असायचा. त्यावर पाण्याची दोन पिंपं, एक रबरी नळी, बादली आणि खुरपं. बोअरचं पाणी भरून तो गाडा ढकलत न्यायचा, झाडांना पाणी घालायचं, परत आणायचा, हा त्यांचा रोजचा धंदा. आज शेडच्या दारात गर्दी होती. गर्दी बाजूला झाली आणि गाडा दिसला.

गाडा धुतलेला होता. चाकांना तेल दिलेलं. पिंपांवर कुंकवाची स्वस्तिकं, पुढ्यात नारळ, आणि खुरप्याला पाटावर बसवून त्याची पूजा केलेली. सगळ्या रस्त्यावरच्या माळांत सर्वांत जाड माळ गाड्याच्या दांड्याला होती. बाजूला उदबत्ती जळत होती. पेठेतल्या बायकांनी गाड्याला ओवाळायला शालनलाही बोलावून आणलं होतं. ती डोक्यावरून पदर घेऊन हातात ताट धरून उभी होती आणि तिला काय बोलावं ते सुचत नव्हतं, ही गोष्ट लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होती.

"पैल्यांदा तुमच्या गाड्याची पूजा, मग बाकीच्या हत्यारांची, असं ठरवलंतं आमी," विश्वजित म्हणाला.

हंबीररावांचे डोळे भरून आले. फौंड्रीत असताना खंडेनवमी त्यांनी कधी चुकवली नव्हती. यंदा मात्र आपल्या स्वतःच्या खुरप्याला एक फूल वाहायचंही त्यांना सुचलं नव्हतं. ज्यांनी त्यांची झाडं उघडी केली त्याच लोकांनी त्यांच्या हत्यारांना देव मानलं होतं. त्यांना इतकं बरं वाटलं आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटलं, की त्यांनी गाड्याचा दांडा धरला आणि तसेच उभे राहिले.

तेवढ्यात बाग खात्याची जीप आली. तिच्याही बॉनेटवर हार होता. राजनंदिनी मॅडम उतरल्या, डिव्हायडरच्या कडेने थोडं चालल्या, हिरव्या झाडांकडे बघितलं, मग रिक्षांकडे, गिरणीकडे, इस्त्रीकडे. त्यांना सगळं समजायला वेळ लागला नाही. त्या तालमीपाशी आल्या तेव्हा हसू दाबत होत्या, पण चेहरा त्यांचाही दमलेलाच होता. असे रस्ते त्यांना रोज बघावे लागत असणार.

"फुलं होती, हे कळलं," त्या म्हणाल्या. "झाडं चांगली आहेत, पुन्हा येतील. पहिली गोष्ट मी धरली. आता दुसरी सांगा. पुढं सांभाळणार कोण?"

"काका हाईत की!" विश्वजित म्हणाला.

"काका हाईत की!" करीम म्हणाला. मागून आणखी चारपाच जण तेच म्हणाले. सगळे हंबीररावांकडे हसून बघत होते.

"काका?" मॅडमनी विचारलं.

"न्हाय," हंबीरराव म्हणाले.

कुणाला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं, "न्हाय. आता माझ्यानं व्हायचं न्हाय."

"असं कसं काका?" विश्वजितला खरंच लागलं होतं. "अवो, आमी तुमच्या गाड्याची पूजा केली की!"

"पूजा केलासा," हंबीरराव म्हणाले. ते रागाने बोलत नव्हते. "तीन वर्सं हा गाडा मी ढकलला, विश्वजित. हितनं तितपर्यंत. तुमी समदे दारात उभं राहून मला काका म्हटलासा, च्या पाजलासा. कौतुक केलासा. पण एकानंबी एकदासुदीक पाणी घातलं न्हाई. आज हे खुरपं पाटावर बसवलासा. त्ये हातात घ्या की कुणीतरी."

उदबत्तीचा धूर मधे तरंगत होता. करीमने आपल्या रिक्षाकडे बघितलं. गिरणीवाल्याने गिरणीकडे. कुणाचं दुकान उघडं राहिलं होतं, कुणाची भाडी चुकत होती, कुणाला कामावर जायचं होतं. प्रत्येकाचं कारण खरं होतं, हे हंबीररावांना माहीत होतं. तरी ते थांबले. राजनंदिनी मॅडमही घाई न करता थांबल्या. एक आवाज हवा होता. हंबीरराव एकेका चेहऱ्याकडे बघत होते, आणि ज्याच्याकडे बघावं तो मान खाली घालत होता. आता आपण हात जोडू की काय, अशी त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

"मी घालतो की पाणी."

आवाज शालनचा होता. तिने ओवाळायचं ताट गाड्यावर ठेवलं आणि पुढे आली.

"तू?" हंबीरराव म्हणाले.

"का? मला हात न्हाईत व्हय?" मग ती मॅडमकडे वळली. "लिवून घ्या बाई. शालन हंबीरराव चौगुले. सांभाळतो मी."

ती फुलांकडे बघत नव्हती. डिव्हायडरकडे तिने आताही मान वळवली नव्हती. ती बघत होती नवऱ्याकडे, त्याच्या तोंडाकडे, जे मघापासून एकेकाच्या दारात मागायला उभं राहिल्यासारखं फिरत होतं. ते तिला बघवलं नव्हतं. उन्हाळ्यात मोरीत घसरून तिचं मनगट मोडलं, तेव्हापासून तिला भरलेली कळशीही धड उचलता येत नव्हती. रात्री ती उशीखाली हात दाबून झोपायची आणि दुखतंय असं म्हणायची नाही. हे हंबीररावांना माहीत होतं, आणि तिला माहीत होतं की त्यांना माहीत आहे.

"बघा!" विश्वजितचा जीव भांड्यात पडला. "काकी हाईत की!"

आजूबाजूचे चेहरे एकदम मोकळे झाले. कुणीतरी नारळ फोडायला घेतला. मॅडमनी हंबीररावांकडे बघितलं. "मग ठेवू ना काका?"

हंबीररावांनी झाडांकडे बघितलं. फुलं खुडलेली असली तरी देठांच्या बाजूने बारीक कळ्या होत्या. दिवाळीपर्यंत पुन्हा बहर आला असता. त्यांना तो डोळ्यांसमोर दिसला.

"नगा ठेवू," ते म्हणाले. "तिचं नाव घालू नगासा. करा पार्किंग."

"काका, विचार करा..."

"केला, बाई."

त्यांनी गाड्यावरचं ताट उचललं. शालनला म्हणाले, "चल." गर्दीने वाट दिली. मागे विश्वजित काहीतरी बोलत होता, करीम त्याला गप्प बस म्हणत होता, आणि मॅडमची जीप अजून सुरू झाली नव्हती. दोघं डिव्हायडरच्या कडेने घराकडे चालत राहिले. हंबीररावांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हातात ताट असल्यामुळे ते पुसता येत नव्हतं. शालनने बघितलं आणि पदराने पुसलं, भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत.

"मी घातलं असतं ओ पाणी," ती म्हणाली. "उगंच म्हणत न्हवतो मी."

"म्हाईत हाय," हंबीरराव म्हणाले. "तू घातलं असतंस. म्हणून तर न्हाय म्हटलं."